झेंडूच्या दोऱ्याचा खटला

खालापूरच्या एका सभागृहात आमच्या लघुउद्योजक संघटनेचा मेळावा भरला होता. मला पहिल्या रांगेत बसवले होते आणि खांद्यांवर शाल घातली होती. अध्यक्ष वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. भाषणाच्या ओघात माझ्याकडे हात करून ते म्हणाले, "आपले काका इतके देवभोळे, की मशीनवरचा हार उतरवायला नको म्हणून कोर्टात जाऊन दंड भरून आले!" सभागृह हसले. मी उठून उभा राहिलो, तोवर ध्वनिक्षेपक पुढच्या वक्त्याच्या हाती गेला होता आणि मला शालीसकट खाली बसावे लागले.

ही झाली व्यासपीठावरची हकिगत. कर्जतच्या बाजारपेठेत वेगळी सांगतात: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे मला दिसत नव्हते, त्यामुळे काय चालले आहे हे न कळताच मी सह्या केल्या. आमच्या रस्त्यावरचे कारखानदार, मी पाठ फिरवली की सांगतात, कारखाने तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकबाईंना फोन करून मीच बोलावले. पळसदरीच्या बाजूला मात्र अशी कथा आहे, की आपल्या फोरमनला वाचवण्यासाठी म्हाताऱ्या शेठने स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ही कथा ऐकून लोकांचे डोळे ओले होतात, म्हणून मला तिचा सर्वांत जास्त राग येतो. टीका खोडून काढता येते. खोट्या स्तुतीशी भांडायला लागलो, की लोक त्याला विनय समजतात. विनय हा माझा गुण नाही, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल.

मी हयात आहे, मला आठवते, आणि मी तिथे होतो. तेव्हा ही हकिगत मीच सांगतो.

माझा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि तिच्यात ओळीने उभ्या असलेल्या पॉवर प्रेस. पॉवर प्रेस ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली साचा असतो, वर लोखंडाचा जड ठोकळा. कामगार साच्यावर पत्रा ठेवतो, पायाने पायडल दाबतो, ठोकळा कोसळतो आणि पत्र्याची क्लॅम्प किंवा पट्टी तयार होऊन बाहेर पडते. पत्रा ठेवणारा हात क्षणापूर्वी त्याच ठिकाणी असतो. म्हणून साच्यासमोर एक जाळी असते. ती बंद झाली, की तिच्या कडेचा एक छोटा स्विच दाबला जातो, आणि स्विच दाबला गेला तरच ठोकळा खाली येतो. जाळी उघडी असेल, तर पायडल कितीही दाबा, प्रेस हलत नाही.

उमेदीच्या काळात मी ज्या कारखान्यात नोकरी केली, तिथे कामगारांची हजेरी घेणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताला बोटे नव्हती. तो डाव्या हाताने लिहीत असे. पूर्वी तो प्रेसवर होता. बोटे गेली म्हणून त्याला हजेरीवर बसवले, आणि मालक पाहुण्यांना सांगत, "बघा, आम्ही माणसाला टाकत नाही." रोज सकाळी त्या डाव्या हाताने माझे नाव लिहिलेले मी पाहत असे. पुढे स्वतःची शेड उभी केली, तेव्हा प्रेस येण्याआधी मी जाळ्या बनवून घेतल्या. घरातली मंडळी म्हणाली, आधी गिऱ्हाईक आण. माझे वडील कर्जतला शिक्षक होते, काका वकील. आमच्या कुळात पत्रा ठोकणारा मीच पहिला. त्यांना जाळी काय आणि गिऱ्हाईक काय, दोन्ही सारखेच परके होते.

आता दसऱ्याविषयी. दसऱ्याला आम्ही यंत्रे पुजतो. आदल्या दिवशी घासूनपुसून तेलपाणी करतो, कुंकवाचे स्वस्तिक काढतो, आपट्याची पाने ठेवतो आणि वरच्या ठोकळ्यापासून साच्यापर्यंत झेंडूचा भरघोस हार सोडतो. यासाठी जाळ्या उतरवाव्या लागतात, कारण जाळीआडून केलेली पूजा आमच्या माणसांना पूजा वाटत नाही. इथवर माझी काही तक्रार नाही. माझा नियम एवढाच होता, की संध्याकाळची आरती झाली की हार उतरवायचे, वाहत्या पाण्यात सोडायचे, जाळ्या परत बसवायच्या आणि मगच दुसऱ्या दिवशी पहिला ठोका मारायचा.

आमच्या रस्त्यावर हा नियम पाळणारा मी एकटाच होतो. बाकीच्या शेडमध्ये हार हाताने तोडणे अशुभ समजतात. तो वाळून आपोआप गळेपर्यंत तसाच ठेवायचा. पण दसरा आणि दिवाळी यांच्यामध्येच कामाची सर्वांत जास्त घाई. हार लटकलेला असताना जाळी बसत नाही, आणि जाळी नसेल तर प्रेस चालत नाही. यावर त्यांनी काढलेला तोडगा इथेच सुचू शकतो: हाराचाच दोरा जरा लांब ठेवायचा आणि त्याने स्विच आवळून बांधायचा. जाळी बंद आहे असे प्रेसला वाटते. पूजाही राहते, कामही होते. कामगार उघड्या साच्यात हात घालत राहतो आणि त्याच्या मनगटापाशी झेंडू लोंबत असतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला माझ्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी कर्जतच्या घरी काळा चष्मा लावून बसलो होतो, सून वेळेवर थेंब घालत होती, आणि कारखान्यातली पूजा मुलाने केली. कारखाना तसा तोच चालवत होता. कागदावर मात्र भोगवटादार म्हणून माझेच नाव होते. भोगवटादार म्हणजे कारखान्यावर ज्याचा अंतिम ताबा आहे तो, आणि कायदा पहिला त्यालाच धरतो. दसऱ्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरांनी बाहेर पडायची मुभा दिली आणि मी त्याच दिवशी गाडीत बसलो.

"बाबा, केबिनमध्येच बसा. आत धूळ आहे," मुलगा म्हणाला. मी बसलो. चहा आला. तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला आणि तो ताडकन उठला. संघटनेच्या ग्रुपवर निरोप होता: पाहुणे आले.

या निरोपाचा अर्थ सांगायला हवा. हमरस्त्यालगतच्या पहिल्या कारखान्यात निरीक्षक शिरले, की तिथून हा निरोप सुटतो. त्यापाठोपाठ एक टेंपो निघतो. त्यात संघटनेने सामाईक खर्चाने घेतलेली पिवळी हेल्मेटे असतात. निरीक्षक एका कारखान्यातून निघून चहाला थांबले, की टेंपो मागच्या दाराने हेल्मेटे उचलतो आणि पुढच्या कारखान्यात पोचवतो. मी या ग्रुपमध्ये नव्हतो. मला त्यात घ्यायची कोणाची हिंमत झाली नव्हती. माझा मुलगा होता, हे मला त्या दिवशी कळले. तेव्हा मी निरीक्षकांना बोलावले, या आरोपाला माझे उत्तर असे: मी बोलावले असते, तर ते याच संघटनेच्या व्यासपीठावरून सांगितले असते.

काही मिनिटांत माझी सगळी माणसे पिवळी हेल्मेटे घालून उभी राहिली. आमच्या शेडमध्ये वरून पडण्यासारखे काही नाही, एक पंखा सोडला तर. सगळ्यांची नजर डोक्यांकडे होती. स्विचकडे कोणी पाहिले नाही.

निरीक्षक म्हणून आल्या त्या एक तरुण बाई. पायात कॅनव्हासचे बूट, बोलण्याला वऱ्हाडी वळण. त्यांनी दारातल्या कामगाराचे हेल्मेट हातात घेतले, उलटे केले आणि आत बोटे फिरवली.

"हे ओलं आहे," त्या म्हणाल्या.

"उकाडा आहे ना, मॅडम," मुलगा म्हणाला.

"याचं डोकं कोरडं आहे." त्यांनी हेल्मेट त्या कामगाराला परत दिले. "घाल रे बाबा. सकाळपासून बिचारं फिरतंय."

मागच्या बाजूला कोणीतरी फिस्सकन हसले. मी केबिनमधून बाहेर आलो. माझी एक पापणी सुजलेली होती. दुसरा डोळा ठीक होता, आणि एक डोळा पुरेसा असतो. प्रत्येक प्रेसवर हार होता, सुकायला लागलेला, कडेने काळवंडलेला. एकाही प्रेसला जाळी नव्हती.

बाई एका प्रेससमोर वाकल्या. हाराचा दोरा त्यांनी बोटाने वरून खाली चाचपत आणला आणि स्विचपाशी थांबल्या.

"हा दोरा?"

"पूजेचा आहे, मॅडम," मुलगा म्हणाला. "श्रद्धेचा विषय आहे. हार हातानं तोडत नाहीत आमच्याकडे."

"श्रद्धा वर बांधा की. स्विचला का बांधली?"

त्या प्रेसवर बसलेला कामगार दोन्ही हात मांडीवर ठेवून आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मी चष्मा काढला आणि फोरमनला विचारले, "जाळ्या कुठे आहेत?"

"मागं भिंतीला लावून ठेवल्यात, शेठ. मी बोललो व्हतो, आरती झाल्यावर..." एवढे म्हणून तो थांबला. मुलाने त्याच्याकडे पाहिले होते.

"इथले मॅनेजर कोण?" बाईंनी विचारले.

मुलाने फोरमनकडे बोट केले. आणि फोरमनने काय केले, ते मी विसरणार नाही. त्याने हेल्मेट काढले, शर्टाचे वरचे बटण लावले आणि ताठ उभा राहून म्हणाला, "मी, मॅडम."

"जाळ्या काढून काम चालवायचं तुम्ही ठरवलंत?"

"हो."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणालो.

"शेठ, कागदावर मीच हाय ना मॅनेजर. मंग मीच की."

बाईंनी लिहून घेतले. प्रेस बंद करायला लावल्या आणि निघून गेल्या. चहा घेतला नाही.

खात्याची नोटीस यायच्या आधीच संघटनेचे वकील आमच्या केबिनमध्ये येऊन बसले. त्यांची योजना सोपी होती आणि, मला सांगण्यात आले, सगळीकडे हेच करतात. मॅनेजर म्हणून फोरमनने गुन्हा कबूल करायचा. दंड कंपनी भरेल. माझ्या वयाचा आणि डोळ्याचा दाखला जोडून माझ्यापुरती दया मागायची. मुलाचे नाव कागदावर कुठेच नव्हते, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता.

"काही झालं तर नाही ना, काका," वकील म्हणाले. "एक नखही दुखावलं नाही कोणाचं. उगाच मोठं कशाला करायचं?"

गेली कित्येक वर्षे हे वाक्य मी प्रत्येक कारखानदाराच्या तोंडून ऐकतो आहे. काही झाले नाही, म्हणून जाळी नको. आणि काही झाले, की माणसाचे नशीब. जाळीची वेळ नेमकी कधी येते, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

फोरमन मॅनेजर कसा झाला, तेही सांगितले पाहिजे. पूर्वीचे मॅनेजर सोडून गेले, तेव्हा खात्याला कोणाचे तरी नाव कळवायचे होते. मुलाने फोरमनचे कळवले. त्याचे काम बदलले नाही, अधिकार बदलला नाही; फक्त काही सह्या वाढल्या. पण त्याने ते खरे मानले. पळसदरीजवळच्या त्याच्या गावात बायकोने घरोघर पेढे वाटले. भातशेती करणाऱ्या त्या घरात मॅनेजर झालेला तो पहिलाच. दारावर नावाखाली त्याने रंगवून घेतले: मॅनेजर. ती पाटी मी पाहिलेली होती, आणि म्हणूनच मला रिक्षा करून त्याच्या घरी जावे लागले.

भाताची कापणी झाली होती. अंगणात भारे रचलेले होते आणि त्याची बायको सुपाने भात वारवत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवले नाही.

"या, शेठ. मॅनेजरला कोर्टात न्यायला आलात का?"

"गप गं," फोरमन म्हणाला. "आधी पाणी आण."

"आनते की. पेढे वाटायला मीच फिरले व्हते, आता आरोपी म्हनून सांगायलाबी मीच फिरते."

मी ओट्यावर बसलो आणि सरळ विषयाला हात घातला. म्हणालो, मी खात्यात जाऊन लेखी सांगणार आहे, की तू केवळ नावाचा मॅनेजर होतास. कारखाना माझा मुलगा चालवतो, दोरे बांधायची मुभा त्याने दिली. तुझा संबंध नाही. तुझे नाव यातून काढले जाईल.

त्याचा चेहरा उजळेल अशी माझी अपेक्षा होती. तो उतरला.

"म्हंजे मी मॅनेजर नवतोच?" तो म्हणाला. "इतकी वर्सं गाव मला मॅनेजर म्हनतंय, पोरं शाळंत बापाचं काम मॅनेजर लिवतात, आन् तुमी सरकारला जाऊन सांगनार, ह्यो नुसता सही मारनारा व्हता? मला पिंजऱ्यात उभं ऱ्हायला चालंल, शेठ. दंड झाला तर झाला. पन ह्ये नाय चालनार."

त्याच्या सुटकेच्या माझ्या योजनेने तो वकिलाच्या योजनेपेक्षा जास्त दुखावला होता. पळसदरीची रडवी कथा या प्रसंगाची दखलही घेत नाही.

शेवटी मी विचारले, "आरतीनंतर हार काढा, असं तू सांगितलंस?"

"सांगितलं. दोनदा."

"कोणी ऐकलं?"

"कोनी नाय."

"मग त्या दिवशी मॅनेजर कोण होता?"

तो भाताच्या भाऱ्यांकडे बघत राहिला. उत्तर बायकोने दिले, सूप हलवता हलवता. "ज्याचं ऐकलं त्यो."

मग तो म्हणाला, "जा सांगा मंग खात्यात. पन एक सांगा, शेठ. येत्या दसऱ्याला माझं ऐकतील का? धाकल्या सायबांनी चालवा म्हनलं आन् मी नको म्हनलं, तर कोनाचं चालंल?"

"तुझं."

"बघा हां. पाटी मी उतरवनार नाय."

"उतरवू नकोस," मी म्हणालो. मी शब्द सहज देत नाही. तो दिला.

घरी काय झाले, ते लोकांना सांगण्यासारखे नाही असे माझ्या मुलाला वाटते. मला वाटते, ते सांगितल्याशिवाय बाकीचे खोटे ठरते. रात्रीचे जेवण चालू होते.

"तुम्ही मला आरोपी करताय, बाबा?"

"मी करत नाही. तू आहेस. मीही आहे. आपण दोघं उभे राहू."

"तुम्ही तर घरी होतात! तुमचा काय संबंध?"

"कारखान्याचा नफा माझ्या नावावर येतो, तेव्हाही मी घरीच असतो. तेव्हा कधी विचारलं नाहीस."

"सगळे हेच करतात. एकट्या आपल्याच शेडमध्ये दोरा होता का? लोक म्हणतील, बापानं मुलाला कोर्टात खेचलं."

"म्हणतील. फोरमन उभा राहिला, तर काहीच म्हणणार नाहीत, आणि पुढच्या दसऱ्याला तू पुन्हा दोरा बांधशील. तुला त्याची किंमत कळणारच नाही, कारण ती दुसऱ्यानं भरलेली असेल."

"मी कोणाचे हात तोडायला बसलो होतो का?" त्याने ताट सरकवले. "मालाची गाडी उभी होती. तुम्ही नव्हतात. मला एकट्याला ठरवावं लागलं."

हे मात्र खरे होते, आणि ते मी त्याला तेव्हाच सांगितले. "बरोबर. तुला एकट्याला ठरवावं लागलं. म्हणूनच कोर्टात तू हवास."

सून आमटी वाढत होती. ती म्हणाली, "दोघांचं भांडून झालं असेल, तर तारखेला मी डबा देते. कोर्टात फार थांबावं लागतं म्हणतात." त्यानंतर मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला. गाडीतून मला खात्याच्या कार्यालयात नेले, तेही न बोलता.

निरीक्षकबाईंनी माझे म्हणणे दोनदा वाचले. "काका, मुलाचं नाव तुम्ही स्वतः देताय. नीट विचार केलाय ना?"

"ऑपरेशन डोळ्याचं झालंय, डोक्याचं नाही."

त्या हसल्या नाहीत. "यामुळे मी काही सौम्य करणार नाही."

"मी मागितलेलं नाही," मी म्हणालो. आमचे एवढेच बोलणे झाले. त्यांना मी विरघळवले किंवा त्यांनी मला, असे जे सांगितले जाते, ते सांगणाऱ्यांनी त्यांना पाहिलेले नसावे. खटला माझ्यावर आणि माझ्या मुलावर दाखल झाला.

खालापूरच्या कोर्टात त्या दिवशी बहुतेक माणसे जमिनीच्या वादांची होती. व्हरांड्यात संघटनेचे अध्यक्ष आले आणि माझ्या कानाशी लागले. "काका, अजून वेळ आहे. तुम्ही कबुली दिलीत, तर उद्या आमच्या प्रत्येकाच्या शेडमध्ये दोरा शोधतील."

"असला, तर सापडेल," मी म्हणालो.

फोरमनला कोणी बोलावले नव्हते. तरी तो आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, वरचे बटण लावून, आणि मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याला बसायला सांगितले, तर म्हणाला, "तुमी उभे ऱ्हानार, मी कसा बसू?"

आमचा पुकारा झाला. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि मला गुन्हा मान्य आहे का, असे विचारले. मी मान्य म्हणालो. माझा आवाज मोठा आहे. मग त्यांनी मुलाला विचारले. त्याचे ओठ हलले, पण काही ऐकू आले नाही.

"मोठ्यानं बोला," न्यायाधीश म्हणाले.

मी त्याच्याकडे पाहिले नाही. मी पाहिले असते, तर ते उत्तर माझ्यासाठी दिलेले ठरले असते.

"मान्य आहे," तो म्हणाला. या वेळी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले.

दंड झाला. तो किती झाला हे सगळे विचारतात, आणि बाकी काही विचारत नाहीत, म्हणून मी तो आकडा कोणाला सांगत नाही. तो आम्ही भरला आणि बाहेर आलो. समोरच्या टपरीवर मुलगा आणि फोरमन चहा घेत उभे होते. मी पोचलो, तेव्हा मुलगा खिशातून पान्यांचा जुडगा काढत होता. जाळ्यांचे नट सोडवायचे तेच पाने. आजवर ते केबिनच्या खणात असत.

"हे यापुढं तुमच्याकडे," तो फोरमनला म्हणाला. आजवर तो त्याला अरेतुरे करत असे.

फोरमनने पाने घेतले, मोजून पाहिले आणि म्हणाला, "एक कमी हाय, सायेब."

"गाडीत असेल."

"आनून द्या मंग."

आणि माझा मुलगा चहा खाली ठेवून गाडीकडे गेला.

पुढचा दसरा आला, तेव्हा मी मुद्दाम पूजेला गेलो आणि आरतीनंतरही खुर्ची सोडली नाही. फोरमनने एकेक हार उतरवायला सुरुवात केली. मालाची गाडी त्याही वर्षी दारात उभी होती. आमच्या धंद्यात ती नेहमी असते. शेवटच्या प्रेसपाशी मुलगा गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ही एक आज रात्रीपुरती चालवू का? सकाळी जाळी बसवू."

फोरमनच्या हातात पाना होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले.

"नाय," फोरमन म्हणाला. "हार बी उतरंल आन् जाळी बी बसंल. मंग चालवा सकाळपर्यंत."

मग मुलाने बाही वर केली आणि हार स्वतःच्या हाताने उतरवला. काही अशुभ झाले नाही. जाळी बसली, तेव्हा फोरमनने परातीतले उरलेले कुंकू घेऊन जाळीच्या चौकटीवर एक बोट ओढले आणि हाताला लागलेला झेंडू तिच्यात खोचला. तेव्हापासून आमच्याकडे आधी जाळ्या बसवतात आणि मगच पूजा होते. हार घालतात तो जाळीला.

आता ही पद्धत रस्त्यावरच्या आणखी काही शेडमध्ये गेली आहे, आणि संघटनेच्या फलकावर 'आमचा उपक्रम' म्हणून तिचे छायाचित्र लागले आहे. फलकावरची जाळी माझ्या शेडमधली आहे. मी ती ओळखतो, कारण ती मी बनवून घेतलेली आहे.

त्या मेळाव्यातून परतताना मी गाडीत बराच वेळ बोलत होतो. देवभोळे काय, दंड काय, हसणारे लोक काय. मुलगा गाडी चालवत होता. पळसदरीकडे जाणारा फाटा मागे पडला, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, पुढच्या मेळाव्यात मी बोलतो."

"काय बोलणार?"

"की दोरा मी बांधायला लावला होता. आणि कोर्टात तुमच्या शेजारी मी उभा होतो. हे कोणी सांगतच नाही."

मी शाल घडी करून मांडीवर ठेवली. फोरमनलाही बोलावून व्यासपीठावर बसवायचे, पाटीवर आहे त्याच हुद्द्याने, असे मी त्याला बजावले. तो बोलेल तेव्हा मी पहिल्याच रांगेत बसणार आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर या वेळी ध्वनिक्षेपकाची वाट पाहणार नाही.